‘आई पडली’: पोटदुखीच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथे मधू म्हटलं आहे. लिहून झाल्यावर हा मजकूर त्याच्या आईला वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी बदल सुचवले, ते केले आहेत.)

पार्श्वभूमी

मधू दहा वर्षांचा. दक्षिण कोकणातल्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला आणि जूनमध्ये ९ किलोमीटरवरच्या हायस्कुलात पाचवीला आला. सकाळी पावणेदहाची एसटी, परतीची सव्वापाचची. पावसाळ्यात परतीची गाडी कधी सहाला येते, कधी येतच नाही. मग मुलं चालत किंवा मिळेल त्या टेम्पोने अंधार पडता पडता घरी पोचतात.

घरात आई, आजी आणि तो. वडील मुंबईला नोकरीत. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी येणारे. आजीला कमी ऐकू येतं आणि गुडघ्यांमुळे तिचं फिरणं ओटीपासून अंगणापर्यंतच. मी तीन शाळांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. या शाळेत माझा वार गुरुवार.

अडचण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून मधूचं सकाळी नऊच्या सुमाराला पोट दुखायला लागलं. मळमळ, कधी उलटी. एसटी निघून गेली की अकराच्या आत सगळं शांत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत २२ दिवस बुडाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. लघवी, शौच, सोनोग्राफी सगळं झालं, कशात काही निघालं नाही.

एव्हाना प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार होतं. आजी म्हणाली, “पोराक कोणाची तरी नजर लागली,” आणि देवळात गाऱ्हाणंही घालून झालं. वर्गशिक्षिकेच्या मते त्याला पाचवीचा अभ्यास झेपत नव्हता. वडील फोनवर म्हणाले, लाडावलाय. डॉक्टर म्हणाले, मुलगा भित्रा आहे, मोठा होईल तसा सुधारेल.

ही सगळी माणसं मधूच्या काळजीनेच बोलत होती. तरी एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात सारखी होती: कारण मुलाच्या आतच कुठेतरी आहे, असं प्रत्येकाने धरलं होतं. दुसऱ्याच्या वागण्याचं मूळ त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीचं वजन कमी धरायचं, या आपल्या सवयीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नाव देऊन ती अभ्यासाचा विषय केली. मी हे शिकलेली होते. तरीही पुढचा महिनाभर मी त्याच सवयीने वागले.

समोर असलेले रस्ते

माणूस असा का वागतो, याचं मानसशास्त्रात एकच उत्तर नाही. निरनिराळे दृष्टिकोन आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न वेगळा आहे.

जैविक दृष्टिकोन विचारतो, शरीरात काय चाललं आहे? वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भीती आणि राग यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांवर पुस्तक लिहिलं. संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांकडे वळतं आणि पचनाचं काम मागे पडतं. म्हणजे मधूचं पोट खरंच दुखत होतं. सोनोग्राफीत काही आलं नाही याचा अर्थ ‘नाटक करतो’ असा होत नाही, हे मी शाळेत आणि घरी पहिल्याच दिवशी सांगितलं. या सगळ्या प्रकरणात मी पहिल्यापासून बरोबर केलेली ती एकच गोष्ट असावी.

वर्तनवाद विचारतो, या वागण्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय मिळतं? जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये या विचाराची मांडणी केली आणि १९२० मध्ये रोझाली रेनर यांच्यासोबत एका तान्ह्या मुलात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण करून दाखवली. तसा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. मला जास्त जवळची वाटते ती मेरी कव्हर जोन्स. तिने १९२४ मध्ये ससा पाहून घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याची भीती घालवली: त्याच्या आवडीचं खाणं चालू असताना ससा थोडा थोडा जवळ आणून, आणि न घाबरणारी मुलं सोबत ठेवून. पुढे १९४७ मध्ये मौरर यांनी भीती टिकते कशी हे मांडलं. भीतीची गोष्ट टाळली की क्षणभर सुटका वाटते, आणि ती सुटकाच टाळण्याची सवय पक्की करते. अकरा वाजता थांबणारी पोटदुखी यात नेमकी बसत होती.

मनोविश्लेषण विचारतं, जे बोललं जात नाही ते काय आहे? इथे व्हिएन्नातल्या छोट्या हान्सचं प्रकरण सांगायला हवं, कारण नंतर ते माझ्या फार उपयोगी आलं. पाच वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा घोड्यांना घाबरून रस्त्यावर जाईनासा झाला होता. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये त्याच्यावर लिहिलं. उपचार मुख्यतः वडिलांच्या मार्फत झाले होते, फ्रॉइड मुलाशी प्रत्यक्ष एकदाच बोलले. त्यांचा निष्कर्ष असा की घोड्याची भीती ही खरी वडिलांची भीती. पन्नास वर्षांनी, १९६० मध्ये, वोल्पे आणि रॅकमन या वर्तनवादी वाटेच्या दोघांनी तेच कागद पुन्हा वाचले. ते म्हणाले, मुलाने गाडीला जुंपलेला घोडा रस्त्यात कोसळताना पाहिला होता, मग आणखी खोल जायचंच कशाला? आणि १९७३ मध्ये आई-मुलाच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आईकडे बोट दाखवलं: आई आपल्याला सोडून जाईल या धास्तीने हा मुलगा घर सोडत नव्हता. मुलगा एक, कागद तेच, आणि तिघांच्या हाती लागलेलं कारण निराळं.

शाळा टाळणाऱ्या मुलांबद्दल बोल्बी यांनी घरात दिसणारे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक असा: आपण शाळेत असताना आईबापाला काहीतरी भयंकर होईल या भीतीने मूल घरीच राहतं, म्हणजे एका अर्थी पहाऱ्याला बसतं. मी पहिल्याच भेटीत मधूच्या आईला विचारलं होतं, “घरात काही काळजीचं आहे का?” ती म्हणाली, “नाही ताई, सगळं बरं आहे.” शेजारी सासू बसलेली होती. मी तो रकाना बंद केला.

बोधात्मक दृष्टिकोन विचारतो, मुलाच्या मनात कोणतं वाक्य चालू आहे? अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांचा हा रस्ता. मराठी वाचकाला तो कि. मो. फडके यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावरच्या लेखनातून ओळखीचा आहे. पण मधू बोलतच नव्हता, तेव्हा वाक्य पकडणार कुठून? कार्ल रॉजर्स यांची मानवतावादी वाट सांगते की अट न घालता मुलाला स्वीकारा, तो उलगडेल. आणि ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेली परिसराची चौकट सांगते की मूल, घर, शाळा, गाव, वडिलांची नोकरी, एसटीचं वेळापत्रक हे सगळं एकात एक बसलेलं असतं. एकट्या मुलाकडे बघून भागणार नाही.

पहिला निर्णय: पायऱ्या आणि तक्ता

मी वर्तनवादाची वाट धरली. कारणं प्रामाणिकपणे लिहिते. आठवड्यातून एकच दिवस हातात होता. मुख्याध्यापकांना हजेरीचे दिवस वाढलेले दिसायला हवे होते. आणि मला स्वतःला मोजता येणारं काम आवडतं. यातलं एकही कारण मधूमधून आलेलं नव्हतं.

पायऱ्या ठरल्या. आधी दप्तर भरून एसटी थांब्यापर्यंत जाऊन परत यायचं. मग एसटीने शाळेच्या फाटकापर्यंत. मग पहिले दोन तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. त्याच्या वर्गातला, त्याच वाडीतला एक मुलगा सोबत. घरी राहिल्यास शाळेच्या वेळात टीव्ही बंद.

आणि एक तक्ता, जो मधूने स्वतः भरायचा. वार, पोट किती दुखलं (० ते १०), आणि ‘दुखायच्या आधी काय झालं’.

पहिल्या आठवड्याच्या तक्त्यात बुधवारी दुखणं ९ होतं, इतर दिवशी ५-६. बुधवारच्या शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते: आई पडली.

श्रावणातला पाऊस, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ. कोकणात या दिवसांत घराघरात कोणी ना कोणी घसरून पडतं. मी आईला विचारलं, “फार लागलं नाही ना?” ती म्हणाली, “नाही ताई.” मी विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं, विचारायचा प्रश्न मात्र दुसराच होता. मी ९ हा आकडा आलेखावर मांडला आणि पुढे गेले.

दोन पायऱ्या छान झाल्या. तिसऱ्या पायरीला, दुसरा तास चालू असताना, आभाळ भरून आलं आणि वीज गेली. मधू पाणी प्यायला म्हणून उठला आणि थेट बाहेर पडला. ९ किलोमीटर पावसात चालत घरी गेला. शाळेत दोन तास गोंधळ, वाडीत फोन, अखेर आईचाच उलटा फोन की तो पोचला आहे, भिजलेला आहे.

त्यानंतर तो पहिल्या पायरीलाही तयार होईना. टीव्ही बंद होता तरी तो घरीच थांबत होता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. कर्नी आणि सिल्व्हरमन यांनी १९९० मध्ये शाळा टाळण्यामागचे चार हेतू मांडले होते: त्रासदायक गोष्टींपासून सुटका, लोकांसमोर पारखलं जाण्यापासून सुटका, घरच्यांचं लक्ष मिळवणं, आणि शाळेबाहेरची मजा. मजा असती तर टीव्ही बंद झाल्यावर तो कंटाळला तरी असता. चौथा हेतू मी खोडला. उरलेल्या तिघांत मी शाळेतलंच काही शोधत राहिले: कोणी चिडवतं का, गणिताचे सर ओरडतात का, शौचालयाला कडी आहे का. कडी नव्हती, ती बसवून घेतली. त्याने काही बदललं नाही.

दुसरा निर्णय: रविवार

मग गणपती आले, वडील आले आणि पोटदुखी नाहीशी झाली. मधू रात्री अकरापर्यंत घरोघर आरत्यांना जात होता, वाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे म्हणाले, बघा, शाळा नाही तर पोट कसं दुखत नाही! मलाही ते पटलं. सुट्टीने शाळा काढून घेतली होती आणि त्याच वेळी वडिलांना घरात आणलं होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्यातली एकच पाहिली.

ही गाठ सोडवली शेजारच्या काकूंनी. गणपतीनंतरच्या गुरुवारी एसटी थांब्यावर त्या सहज म्हणाल्या, “रविवारी पण हो खाली खेळूक येणा नाय. आधी हाक मारूच्या आधी येय.”

भीती शाळेची असेल तर रविवार मोकळा असायला हवा. तो नव्हता. त्या संध्याकाळी मी सगळे तक्ते परत काढले आणि या वेळी आकडे सोडून अक्षरं वाचली. चार आठवड्यांत ‘आई पडली’ तीनदा होतं. एकदा तर त्याखाली लिहिलं होतं, ‘पाऊस नव्हता’. बहुतेक त्याने ते माझ्यासाठीच लिहिलं होतं.

हान्सचा कोसळलेला घोडा मला तेव्हा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. आई विहिरीवर होती, एकटी. मी विचारलं, “तुम्ही पडता म्हणजे नेमकं काय होतं?” ती बराच वेळ कळशी घासत राहिली. मग म्हणाली, फिट येते.

सोळाव्या वर्षापासून. लग्नात सांगितलं नव्हतं. हे वाचून तिला दोष देण्याआधी एक लक्षात घ्यावं: १९९९ पर्यंत अपस्माराचे, म्हणजे फिटचे, वारंवार झटके हा हिंदू विवाह कायद्यातच लग्नाच्या पात्रतेआड येणारा मुद्दा होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून गेला, पण माणसांच्या मनातून इतक्यात कुठला जायला? गोळ्या माहेरचा भाऊ गुपचूप आणून देई. मे महिन्यात तो कामासाठी गोव्याला गेला आणि गोळ्या थांबल्या. अशा गोळ्या अचानक बंद केल्या की झटके परत येण्याचा धोका असतो, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

जुलैत पहिली फिट आली ती चुलीपुढे. घरात मधू एकटा जागा होता. आजी माजघरात झोपलेली, तिला ऐकूही आलं नाही. त्याने आईला ओढून चुलीपासून लांब केलं आणि बाजारात कोणालातरी करताना पाहिलं होतं म्हणून दारातली चप्पल आणून तिच्या नाकाला लावली. शुद्धीवर आल्यावर तिने त्याला सांगितलं, कोणाला बोलायचं नाही, तुला माझी शपथ.

दहा वर्षांच्या मुलाला आईची शपथ म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. शपथ मोडली तर आईलाच काही होणार. म्हणून तो बोलला नव्हता. त्याने फक्त तक्ता भरला होता, जसं मी सांगितलं होतं तसं, ‘आधी काय झालं’. ‘पडली’ या शब्दात त्याने खरंही सांगितलं आणि शपथही पाळली.

सगळ्यांनी मुलाचं शरीर तपासलं होतं. जैविक कारण होतंच, पण ते आईच्या शरीरात होतं.

तिसरा निर्णय: कोणाला सांगायचं

हा मला सर्वांत अवघड गेला. वडिलांना मी कळवावं? शाळेला? चूल आणि विहीर या दोन जागा लक्षात घेता धोका जिवाचा होता. पण गुपित तिचं होतं आणि ते फोडून मी तिचं घर मोडण्याची शक्यताही खरी होती. मी एकाच गोष्टीवर अडून बसले: डॉक्टर, याच आठवड्यात. बाकीचं कधी आणि कोणाला, ते तिने ठरवायचं. ती शेजारच्या काकूंना सांगायला तयार झाली. काकू तिच्यासोबत आधी ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्हा रुग्णालयात गेल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एकटीने विहिरीवर जायचं नाही आणि चुलीपुढे एकटं बसायचं नाही, हेही ठरलं.

मग आम्ही तिघं ओटीवर बसलो. आईने मधूला जवळ घेतलं आणि म्हणाली, “माझी शपथ सुटली. मीच सोडवली.” त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यानंतर तो पाऊण तास बोलत होता.

त्याच्या मनातलं वाक्य तेव्हा सापडलं: मी घरी असलो की आई मरणार नाही. त्यावर वाद घालायचा मोह मी टाळला, कारण त्या वाक्यात तथ्य होतं. जुलैत त्यानेच तिला चुलीपासून ओढलं होतं. वाक्य खोडण्याऐवजी ते काम मोठ्या माणसांकडे सोपवलं. काकूंना आणि मधूला दोघांना शिकवलं: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं आणि ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. मधूने ते कागदावर लिहिलं आणि काकूंच्या भिंतीला चिकटवलं.

पायऱ्या मात्र पुन्हा लागल्या. कारण सापडलं तरी अडीच महिन्यांची टाळण्याची सवय आपोआप जात नाही. मौरर यांचं म्हणणं तिथे खरं ठरलं. एक प्रश्न मात्र मला आजही छळतो. मधूने मधल्या सुट्टीत घरी फोन करू देण्याची विनंती केली. वर्तनवादी हिशेबाने असा दिलासा देत राहणं म्हणजे भीतीला खतपाणी. बोल्बींच्या हिशेबाने सुरक्षित आधार असला की मूल लांब जाऊ शकतं. मी फोन मान्य केला आणि उतरंड ठरवली: दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. वर्गशिक्षिकेने स्वतःचा फोन दिला, कारण विचारलं नाही. “घरी काम आहे त्याला,” एवढंच तिने वर्गाला सांगितलं. रॉजर्स यांची वाट मी केवळ चांगुलपणा समजून शेवटी ठेवली होती. ती बाईंनी न शिकता चालून दाखवली.

काय झालं

दिवाळीनंतर पहिल्या महिन्यात तीन दिवस सोडता मधू रोज शाळेत आला. फोन चौथ्या आठवड्यात तो स्वतःच विसरला. तक्त्यातलं दुखणं १-२ वर आलं.

आईने दिवाळीत नवऱ्याला सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, मेहुण्यावर चिडला, आणि मग गोळीचं नाव लिहून घेऊन मुंबईला गेला. आता महिन्याच्या महिन्याला पाकीट येतं.

डिसेंबरात एका लग्नघरी दोन वेळच्या गोळ्या राहिल्या आणि तिला पुन्हा फिट आली. मधू शाळेत होता. काकूंनी सगळं भिंतीवरच्या कागदाप्रमाणे केलं, त्याला संध्याकाळी कळलं. त्या रात्री त्याचं पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी पावणेदहाच्या एसटीला तो होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गणितात तो मागे आहे. पावसात चालत घरी गेल्याचा किस्सा पोरं अजून काढतात. आजीला अजून काही सांगितलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आईला सासूसमोर विचारायला नको होतं. पहिल्या भेटीत दहा मिनिटं ती एकटी मिळाली असती तर कदाचित ऑगस्टमध्येच उलगडा झाला असता. तेवढ्या दिवसांत ती कितीदा एकटी विहिरीवर गेली, हा विचार मला अजून सोडत नाही.

रविवारचा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तो फुकट होता आणि दोन स्पष्टीकरणांमध्ये निवाडा करणारा होता. एखादं कारण पटलं की ते खोटं ठरायचं असेल तर काय दिसेल, असं मी स्वतःला विचारलंच नाही.

वर्तनवाद इथे चुकला असं मी म्हणणार नाही. ‘आधी काय झालं’ हा रकाना त्याचाच, आणि उत्तर त्याच रकान्यात होतं. मी ते आकड्यांच्या मागे लागून वाचलं नाही. उलट बोल्बींचा प्रकार मला पाठ होता आणि आईच्या एका ‘नाही’वर मी तो सोडून दिला.

शपथेबद्दल मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आता गप्प राहणाऱ्या मुलाला मी विचारते, “तुला कोणी शपथ घातली आहे का? कोणी, ते सांगू नको.” तक्त्यात एक रकानाही वाढवला आहे: ‘तेव्हा घरात कोण कोण होतं’.